निर्यातीची कसोटी : दक्षिण कोरियाचे प्रकरण, १९६१ ते १९९७

१९६० साली दक्षिण कोरियाची वर्षभराची निर्यात जेमतेम ३.३ कोटी डॉलरची होती. अडीच कोटी लोकांच्या या देशाने वर्षभरात जगाला विकलेला माल दरडोई दीड डॉलरचाही भरत नव्हता. तो मालही टंगस्टन, लोहखनिज, मासळी, कच्चे रेशीम अशा स्वरूपाचा, म्हणजे जमिनीतून किंवा समुद्रातून काढून जवळजवळ आहे तसाच बोटीवर चढवलेला होता. पस्तीस वर्षांनी, १९९५ मध्ये, याच देशाच्या निर्यातीने १०० अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला आणि तोवर तिच्यात सेमीकंडक्टर, मोटारी, जहाजे आणि पोलाद यांचा भरणा झालेला होता. मधल्या काळात अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी ८ टक्क्यांच्या आसपास वाढत राहिली. एवढा वेग एवढी वर्षे टिकवणारे देश हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच आहेत.

या दोन गोष्टी शेजारीशेजारी मांडल्या की निर्यात वाढली म्हणून देश वाढला, असा निष्कर्ष आपसूक निघतो. विकासाच्या अर्थशास्त्रात याला निर्यातप्रणीत वाढ म्हणतात आणि उदाहरण द्यायचे झाले की हमखास दक्षिण कोरियाचे नाव निघते. हे उदाहरण जवळून पाहिले तर तो निष्कर्ष कितपत टिकतो, एवढाच या लेखाचा विषय आहे. माझे मत आधीच नोंदवून ठेवतो. परदेशी मागणीने कोरियाची अर्थव्यवस्था ओढून नेली, हे वर्णन अपुरे आहे. निर्यातीने तेथे मुख्यतः दोन कामे केली. यंत्रसामग्रीच्या आयातीचे बिल तिने भागवले. शिवाय सरकारी मदत कोणाला द्यायची आणि कोणाची थांबवायची हे ठरवण्यासाठी तिने एक अशी कसोटी पुरवली की जिचा निकाल देशातल्या देशात वशिला लावून सहज फिरवता येत नव्हता. पहिले काम सगळ्यांच्या लक्षात येते, दुसरे बहुधा निसटते.

सुरुवातीची स्थिती

१९४५ मध्ये जपानी सत्ता संपली आणि देशाची फाळणी झाली तेव्हा जड उद्योग आणि वीजनिर्मिती यांचा मोठा भाग उत्तरेकडे राहिला. मे १९४८ मध्ये उत्तरेने दक्षिणेचा वीजपुरवठा तोडला. १९५० ते १९५३ या युद्धात जे काही उरले होते तेही मोठ्या प्रमाणात उद्ध्वस्त झाले. त्यानंतरची, देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांची राजवट अमेरिकी मदतीवर चालली आणि आयातीचा बहुतांश खर्च तीच मदत भागवत होती. स्थानिक चलनाचा अधिकृत दर बाजारातील दरापेक्षा बराच चढा ठेवलेला होता. साहजिकच ज्याच्या हाती आयातीचा परवाना किंवा अधिकृत दराने डॉलर पडत, त्याला काहीही न बनवता नफा मिळे. उलट परदेशात माल विकून डॉलर आणणाऱ्याला ते तोट्याच्या दराने बदलून घ्यावे लागत. साखर, पीठ आणि कापूस हे त्या काळचे भरभराटीचे धंदे. मदतीतून आलेला कच्चा माल दळून, कातून, शुद्ध करून घरच्या बंदिस्त बाजारात विकणे, एवढाच त्यांचा गाभा होता.

या दशकाला नुसते वाया गेलेले दशक म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. शेतजमिनीच्या फेरवाटपामुळे जुना जमीनदार वर्ग मोडला गेला आणि प्राथमिक शिक्षण जवळजवळ सार्वत्रिक झाले. कोणत्याही निर्यात-धोरणाच्या आधी हे दोन पाय रोवले गेले होते. पुढे शिवणयंत्रावर किंवा ट्रान्झिस्टरच्या जोडणीवर जी मुले-मुली बसली, त्यांना लिहिता-वाचता येत होते, ही गोष्ट कोरियाचा कित्ता गिरवू पाहणारे अनेक देश सोयीस्करपणे विसरतात.

मे १९६१ मध्ये जनरल पार्क चुंग-ही यांनी लष्करी उठावाने सत्ता घेतली. त्यांच्याकडे निर्यातीची तयार योजना होती, असे मानणे चुकीचे आहे. १९६२ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या पंचवार्षिक योजनेचा सूर स्वावलंबनाचा होता आणि निर्यातीत प्रामुख्याने प्राथमिक माल गृहीत धरलेला होता. त्याच वर्षीचा चलनबदल फसला, पीक बुडाले, अमेरिकी मदत आटत चालली आणि परकीय चलनाची गंगाजळी वेगाने खालावली. त्याच सुमारास प्लायवूड, कापड अशा कारखानी मालाची निर्यात योजनाकारांच्या अंदाजापेक्षा जास्त भरू लागली. सरकार निर्यातीकडे वळले ते डॉलरच्या टंचाईमुळे, आणि जे आधीच थोडेफार चालताना दिसले त्याच्या मागे ते सर्व बळानिशी उभे राहिले.

१९६४-६५ : दर, व्याज आणि पतपत्र

मे १९६४ मध्ये वॉन या कोरियन चलनाचे मोठे अवमूल्यन झाले. एका डॉलरला १३० वॉन हा दर २५५ वॉनच्या आसपास गेला. सप्टेंबर १९६५ मध्ये बँकांच्या एक वर्षाच्या मुदतठेवीचा व्याजदर १५ टक्क्यांवरून थेट ३० टक्क्यांवर नेण्यात आला, तेव्हा बाजारातील खाजगी सावकारीतला पैसा बँकांकडे वळला. त्याच वर्षी जपानशी संबंध पूर्ववत करणारा करार झाला. रस्त्यावर प्रचंड विरोध असताना पार्क यांनी तो रेटून नेला आणि त्यातून ३० कोटी डॉलरचे अनुदान व २० कोटी डॉलरचे सरकारी कर्ज पदरात पाडून घेतले. व्हिएतनाम युद्धातील सहभागातूनही डॉलर येऊ लागले. १९६७ मध्ये देश गॅट या जागतिक व्यापाराच्या करारात सामील झाला.

विनिमय दर सुधारणे ही आवश्यक बाब होती, पण तेवढ्यावर निर्यातदार उभा राहत नाही. निर्यातीची खरी यंत्रणा बँकेच्या काउंटरवर चाले आणि ती थोडी तपशिलात पाहण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या खरेदीदाराने शर्टांची मागणी नोंदवून आपल्या बँकेमार्फत पतपत्र, म्हणजे माल पोहोचवल्यावर पैसे देण्याची बँकेची लेखी हमी, पाठवले की कोरियातील कारखानदार ते घेऊन आपल्या बँकेत जाई. पतपत्र खरे आहे एवढे पाहून बँक त्याला त्या रकमेच्या ठरावीक प्रमाणात खेळते भांडवल देई. तारण, ओळख, मंजुरीची साखळी हे सगळे बाजूला राही. सर्वसाधारण कर्जाचा दर २६ टक्के असताना या कर्जाचा दर साडेसहा टक्क्यांच्या आसपास होता. पुढची पायरी अधिक हुशारीची होती. त्या मूळ पतपत्राच्या आधारे कारखानदार कापड पुरवणाऱ्या गिरणीच्या नावे देशांतर्गत पतपत्र काढू शके, आणि मग गिरणीलाही, तिने स्वतः एक वारही परदेशी पाठवला नसला तरी, त्याच सवलती मिळत. निर्यातीसाठी लागणारा कच्चा माल आयातशुल्काशिवाय आणता येई. त्यातील किती माल वाया जातो याचे प्रमाण सरकार सढळ हाताने ठरवी, त्यामुळे वाचलेला शुल्कमुक्त माल घरच्या महागड्या बाजारात विकून निर्यातदार चार पैसे अधिक मिळवी.

यातून एक गैरसमज दूर व्हायला हरकत नाही. कोरियाने बाजार खुला केला म्हणून निर्यात वाढली, असे या यंत्रणेकडे पाहून म्हणता येत नाही. निर्यातदाराला जगाच्या किमतीत कच्चा माल आणि जगाच्या दरात भांडवल मिळेल अशी व्यवस्था झाली. उरलेला घरचा बाजार आयातीला बऱ्याच अंशी बंदच राहिला, आणि परदेशात कमी नफ्यावर किंवा प्रसंगी तोट्यातही विकलेल्या मालाची भरपाई तेथे चढ्या किमती लावून होत असे.

केसांच्या टोपांचा धंदा

१९६०च्या दशकात अमेरिकेत विग वापरण्याची फॅशन जोरात होती आणि त्यासाठी लागणारे केस मोठ्या प्रमाणात चीनमधून, हाँगकाँगमार्गे, येत. दशकाच्या मध्यावर अमेरिकेने साम्यवादी देशातून आलेल्या केसांच्या विगवर बंदी घातली. ही संधी कोरियाने उचलली. कारागिरी हातांची होती, यंत्रसामग्री किरकोळ होती आणि खेड्यातून शहरात आलेल्या तरुण मुली कमी वेतनावर उपलब्ध होत्या. काही वर्षांतच हा धंदा एवढा फोफावला की १९७० मध्ये देशाच्या एकूण निर्यातीचा जवळजवळ दहावा हिस्सा एकट्या विगचा होता. पुढे फॅशन ओसरली, वेतन वाढले, आणि १९७०च्या दशकात हा धंदा जसा आला तसा गेला.

विगची गोष्ट गमतीची म्हणून सांगितली जाते, पण तिच्यात विश्लेषणाचा मुद्दा दडलेला आहे. विग बनवून कोणताही देश श्रीमंत होत नाही. त्या धंद्यातून फारसे तंत्रज्ञान साचले नाही आणि इतर उद्योगांना त्यातून सुटे भाग किंवा यंत्रे मिळाली नाहीत. निर्यात आपोआप वाढ घडवते हा सिद्धांत जशाच्या तसा खरा असता, तर विगचा डॉलर आणि पुढे जहाजाचा डॉलर यांत फरक करण्याचे कारणच नव्हते. फरक होता. विगचा डॉलर केवळ यंत्र विकत घेऊ शकत होता. जहाजाच्या डॉलरबरोबर पोलाद कापण्याचे, जोडण्याचे, आराखडा वाचण्याचे आणि मुदतीत काम उरकण्याचे कसब देशात राहत होते. प्लायवूडचीही तीच कथा. ते एके काळी आघाडीचे निर्यात-उत्पादन होते, पण त्यासाठीचे लाकूड आग्नेय आशियातून विकत घ्यावे लागे. त्यामुळे निर्यातीचा आकडा मोठा दिसला तरी खर्च वजा जाता देशात राहणारे परकीय चलन बरेच कमी असे.

दरमहा होणारी बैठक

नोव्हेंबर १९६४ मध्ये वर्षाची निर्यात १० कोटी डॉलरवर पोहोचली, तेव्हा त्या निमित्ताने निर्यात दिन सुरू झाला आणि सर्वाधिक निर्यात करणाऱ्या कंपन्यांना राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते पदके मिळू लागली. १९६५ पासून निर्यातवाढीची बैठक दर महिन्याला आणि राष्ट्राध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली होऊ लागली. मंत्री, बँकांचे प्रमुख, निर्यातदार आणि व्यापारी संघटनांचे प्रतिनिधी एका दालनात बसत. वस्तूनुसार आणि प्रदेशानुसार वर्षाचे लक्ष्य ठरलेले असे, परदेशातील वकिलातींनाही ते वाटून दिलेले असे, आणि प्रत्येक महिन्याचा आकडा त्यासमोर ठेवला जाई. एखाद्या निर्यातदाराने बंदरातील विलंबाची किंवा सीमाशुल्काच्या एखाद्या नियमाची तक्रार मांडली, तर संबंधित मंत्र्याला तेथेच उत्तर द्यावे लागे.

या बैठकीचे महत्त्व लक्ष्य ठरवण्यात नव्हते. लक्ष्य तर कोणतीही योजना ठरवते. महत्त्व होते ते मोजमापात. स्वस्त कर्ज, करसवलत, आयातीचे परवाने ही मदत जगातील असंख्य सरकारांनी उद्योगांना दिली आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती घेणाऱ्यांनी कार्यक्षम होण्याऐवजी मदत चालू राहावी म्हणून राज्यकर्त्यांची मर्जी सांभाळण्यातच शक्ती खर्च केली आहे. घरच्या बाजारात विक्री वाढली, तर ती मालाच्या गुणवत्तेमुळे वाढली की आयातबंदीमुळे, हे अधिकाऱ्याला समजण्याचा मार्ग नसतो. शिकागोतल्या दुकानदाराने शर्ट विकत घेतला तर तो कोणा मंत्र्याच्या शब्दाखातर घेत नाही. सीमाशुल्क खात्याच्या कागदावर दर महिन्याला येणारा निर्यातीचा आकडा हा अशा रीतीने सरकारला फुकटात मिळणारा आणि खोटा करण्यास अवघड असा निकाल होता. आकडा वाढवणाऱ्या कंपनीला पुढच्या, अधिक अवघड उद्योगात शिरण्यासाठी कर्ज मिळे. मागे पडणाऱ्या कंपनीला ते मिळणे बंद होई.

ही कसोटी निर्दोष होती असे मात्र नाही. पादत्राणांच्या निर्यातीत अग्रेसर असलेला कुकजे समूह १९८५ मध्ये, पार्क यांच्यानंतर सत्तेवर आलेल्या चुन डू-ह्वान यांच्या राजवटीत, सरकारच्या दबावाखाली मोडीत काढण्यात आला. समूहावर कर्जाचा भार होता हे खरे, पण त्याच्या प्रमुखाने सत्ताधाऱ्यांना पुरेशा देणग्या दिल्या नाहीत म्हणून हे झाले, असा समज सर्वत्र पसरला. १९९३ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने सरकारची ती कारवाई घटनाबाह्य ठरवली. निर्यातीचा आकडा मर्जीपासून संरक्षण देत होता, पण काही मर्यादेपर्यंतच.

कारण कोणते आणि परिणाम कोणता

निर्यात आणि राष्ट्रीय उत्पन्न यांच्यातील सांख्यिकी संबंध शोधणाऱ्या अभ्यासांची संख्या मोठी आहे आणि त्यांचे निष्कर्ष देशागणिक व कालखंडागणिक बदलतात. याचे एक साधे कारण असे, की निर्यात हा स्वतःच राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबातला एक घटक आहे, त्यामुळे दोन्ही एकत्र वाढताना दिसणे यात काही प्रमाणात नवल नाही. दुसरे कारण अधिक खोल आहे. उत्पादकता वाढली की माल स्वस्त व चांगला होतो आणि निर्यातही वाढते. अशा वेळी निर्यात हा वाढीचा परिणाम असतो, आणि तरीही आलेखात ती कारणासारखीच दिसते.

कोरियाच्या बाबतीत ही शंका अर्थशास्त्रज्ञ डॅनी रॉड्रिक यांनी १९९५ मध्ये नेमकेपणाने मांडली. त्यांचा युक्तिवाद असा : १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला निर्यातीचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा इतका लहान होता, की ती कितीही वेगाने वाढली तरी सुरुवातीच्या वर्षांत संपूर्ण अर्थव्यवस्थेला ओढण्याइतके बळ तिच्यात नव्हते. त्याच काळात नाट्यमय बदल झाला तो गुंतवणुकीत. सरकारने पतपुरवठा, हमी आणि परस्परावलंबी उद्योगांची एकत्रित उभारणी यांद्वारे खाजगी गुंतवणूक फायद्याची केली. त्या गुंतवणुकीसाठी लागणारी यंत्रे देशात बनत नव्हती, म्हणून आयात वाढली, आणि ती आयात भागवण्यासाठी निर्यात वाढावी लागली. थोडक्यात, गुंतवणूक पुढे आणि निर्यात तिच्या मागे, असा क्रम त्यांनी लावला.

मला हा युक्तिवाद आकड्यांच्या पातळीवर पटतो. १९६०च्या सुमारास गुंतवणुकीचे राष्ट्रीय उत्पन्नाशी प्रमाण दहा-बारा टक्के होते. दशकाच्या अखेरीस ते दुपटीच्या पुढे गेले, आणि एवढी उडी केवळ निर्यातीच्या नफ्यातून मारता येत नाही. तरी त्यातून निर्यात गौण होती असा अर्थ काढणे घाईचे होईल. गुंतवणुकीची लाट अनेक विकसनशील देशांत आली आणि दोन प्रकारे फुटली. एक तर यंत्रे, सुटे भाग आणि तेल आयात करायला डॉलर उरले नाहीत व अर्धवट कारखाने पडून राहिले. नाहीतर कारखाने पूर्ण झाले, पण त्यांचा माल जगात कोणी घेण्याजोगा नव्हता आणि हे कळायलाच पंधरा-वीस वर्षे लागली. कोरियात पहिल्या संकटावर निर्यातीची कमाई हा उतारा होता आणि दुसऱ्यावर निर्यातीची कसोटी. वाढ गुंतवणुकीने घडवली, पण ती गुंतवणूक टिकाऊ व डोळस राहिली ती निर्यातीमुळे.

याच्या उलट टोकाला झांबिया आहे. १९६४ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा या देशाची निर्यात राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत कोरियाच्या कितीतरी पट मोठी होती आणि तिच्यातील ९० टक्क्यांहून अधिक भाग तांब्याचा होता. १९७४-७५ मध्ये तांब्याचे भाव कोसळल्यावर देशाचे दरडोई उत्पन्न पुढची सुमारे दोन दशके घसरत राहिले. निर्यात भरपूर होती, पण ती शिकण्याची जागा नव्हती. खाणीतून निघणाऱ्या तांब्याच्या टनांवरून दुसऱ्या कोणत्या उद्योगाला सरकारची मदत योग्य की अयोग्य, हे कळण्याची सोय नव्हती.

पोलाद आणि जहाजे

जानेवारी १९७३ मध्ये पार्क यांनी पोलाद, अलोह धातू, यंत्रे, जहाजबांधणी, इलेक्ट्रॉनिक्स आणि रसायने या सहा जड उद्योगांचा कार्यक्रम जाहीर केला. त्याला उद्योगनीतीइतकीच संरक्षणाचीही पार्श्वभूमी होती, कारण अमेरिका आपले सैन्य कमी करू लागली होती. तुलनात्मक लाभाच्या, म्हणजे जे इतरांपेक्षा स्वस्तात बनते तेच बनवावे या, प्रचलित हिशेबात हा कार्यक्रम बसत नव्हता. पोहांगच्या पोलाद कारखान्याला पैसा पुरवण्यास पाश्चात्त्य देशांच्या गटाने आधीच नकार दिला होता आणि जागतिक बँकेनेही प्रतिकूल मत दिले होते. शेवटी जपानकडून करारानुसार मिळालेल्या निधीचा काही भाग तिकडे वळवून, जपानी तंत्रज्ञानाने, १९७३ मध्ये सुमारे १० लाख टन क्षमतेचा पहिला टप्पा उभा राहिला. हाच कारखाना पुढे जगातील सर्वात कार्यक्षम पोलाद-उत्पादकांत गणला गेला.

उल्सानमध्ये ह्युंदाईने गोदी बांधली ती याहून धाडसाने. चुंग जु-युंग यांच्या या समूहाला इमारती आणि रस्ते बांधण्याचा अनुभव होता, मोठे जहाज बांधण्याचा अजिबात नव्हता. ग्रीक जहाजमालक लिव्हानोस यांनी प्रत्येकी सुमारे २ लाख ६० हजार टनांच्या दोन तेलवाहू जहाजांची मागणी नोंदवली. तिच्या आधारे ब्रिटनमधून कर्ज मिळाले, आराखडे स्कॉटलंडमधील गोदीकडून आले, आणि गोदी व जहाज यांचे बांधकाम एकाच वेळी चालू राहिले. १९७४ मध्ये गोदीचे उद्घाटन झाले तोवर तेलसंकटाने जगाचा टँकर-बाजार बसला होता आणि काही ग्राहकांनी जहाजे नाकारली. त्या वेळी ह्युंदाईने स्वतःची जहाज कंपनी काढून ती जहाजे वापरात आणली आणि सरकारने देशात येणारे कच्चे तेल देशी जहाजांतून आणण्याचा आग्रह धरून तिला काम पुरवले. म्हणजे जहाजबांधणी हा निर्यात-उद्योग म्हणूनच सुरू झाला, पण पहिल्याच धक्क्यात तो वाचला तो घरच्या सक्तीच्या मागणीमुळे.

डिसेंबर १९७७ मध्ये, ठरवलेल्या मुदतीच्या चार वर्षे आधी, निर्यात १० अब्ज डॉलर झाली. जड उद्योगांवरची गुंतवणूक मात्र एव्हाना गरजेपेक्षा पुढे धावत होती, कारखान्यांची क्षमता रिकामी पडत होती आणि महागाई भडकली होती. या कार्यक्रमाचा हिशेब १९८० मध्ये मांडणाऱ्याने त्याला अपयशी म्हटले असते आणि १९९० मध्ये मांडणाऱ्याने यशस्वी. दीर्घकालीन वाढीचा अभ्यास करताना कालखंड कुठे तोडायचा, यावर निष्कर्ष किती अवलंबून असतो हे यावरून दिसते.

किंमत कोणी मोजली

निर्यातीचा आकडा वाढत होता तेव्हा कामगारांच्या वेतनाला आणि कामाच्या तासांना कायद्याचे संरक्षण प्रत्यक्षात मिळत नव्हते. नोव्हेंबर १९७० मध्ये सोलच्या प्यॉन्गह्वा कापडबाजारातील शिवणकामगार जॉन ते-इल याने कामगार कायद्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून आत्मदहन केले. ऑगस्ट १९७२ मध्ये सरकारने एका वटहुकमाने खाजगी सावकारीतील कर्जे गोठवली आणि ती तीन वर्षांच्या सवलतीनंतर पाच वर्षांत, मासिक १.३५ टक्के व्याजाने फेडण्याची मुभा उद्योगांना दिली. कंपन्या वाचल्या, पण त्यांना पैसे देणाऱ्या हजारो लहानमोठ्या बचतदारांना फटका बसला.

विगच्या धंद्याचा शेवटही याच खात्यात जमा आहे. एके काळी देशातील सर्वात मोठ्या विग-निर्यातदारांपैकी एक असलेली वायएच ही कंपनी १९७९ मध्ये बंद होऊ लागली, तेव्हा तेथील कामगार स्त्रियांनी विरोधी पक्षाच्या मुख्यालयात ठाण मांडले. ११ ऑगस्टच्या पहाटे पोलीस आत घुसले आणि किम क्यॉन्ग-सुक ही तरुण कामगार त्यात मरण पावली. विरोधी नेते किम यंग-साम यांनी सरकारवर कडाडून टीका केली आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना संसदेतून काढून टाकण्यात आले. त्यावरून त्यांच्या बालेकिल्ल्यात, बुसान आणि मासान या निर्यात-उद्योगांच्या शहरांत, दंगली उसळल्या. दंगली कशा हाताळायच्या यावरच्या मतभेदांच्या वातावरणात २६ ऑक्टोबरला पार्क यांची त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाने हत्या केली. निर्यात-धोरणाचे अर्थशास्त्र लिहिताना हा घटनाक्रम तळटीपेत ढकलण्याची प्रथा आहे. मला ती पटत नाही, कारण वेतन दाबून ठेवणे हा त्या धोरणाचा बाहेरून चिकटलेला भाग नव्हता.

कर्ज आणि १९९७

१९८५ मध्ये कोरियाचे परकीय कर्ज सुमारे ४७ अब्ज डॉलर, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळजवळ निम्मे होते. लॅटिन अमेरिकेतील कर्जबाजारी देश त्याच दशकात कोलमडले आणि कोरिया तरला. कर्जाच्या रकमेपेक्षा ते फेडायला लागणारे डॉलर दरवर्षी किती येतात, हे महत्त्वाचे ठरले. १९८६ नंतर तेल, व्याजदर आणि डॉलर हे तिन्ही खाली आल्यामुळे चालू खात्यावर भरघोस शिल्लक दिसू लागली.

एका दशकाने तीच ढाल अपुरी पडली. १९९६ मध्ये मेमरी चिपचे भाव कोसळले आणि निर्यातीची वाढ ४ टक्क्यांखाली आली. दरम्यान वित्तीय क्षेत्र खुले झाले होते. बँका परदेशातून अल्प मुदतीची कर्जे घेऊन मोठ्या उद्योगसमूहांच्या दीर्घ मुदतीच्या प्रकल्पांत घालत होत्या, आणि त्या समूहांची कर्जे भागभांडवलाच्या कित्येक पट झाली होती. जुनी मासिक बैठक, पतपुरवठ्यावरचे नियंत्रण आणि त्यामागची शिस्त एव्हाना विरून गेली होती, तिच्या जागी बँकांची स्वतःची दक्षता मात्र आली नव्हती. जानेवारी १९९७ मध्ये हानबो पोलाद कंपनी बुडाली आणि डिसेंबरमध्ये देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या पुढाकाराने ५० अब्ज डॉलरहून मोठे मदत-पॅकेज घ्यावे लागले. तेव्हा राष्ट्राध्यक्षपदी किम यंग-साम हेच होते. १९९८ मध्ये उत्पादन ५ टक्क्यांनी घटले. निर्यातीत जगात अग्रगण्य असलेला देश डॉलरअभावी अडला, कारण निर्यात माल कोठे विकला जातो हे सांगते, पण पैसा कोणत्या मुदतीने उसना घेतला आहे हे सांगत नाही.

आज हा मार्ग कोणाला खुला आहे

१९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आल्यापासून निर्यातीच्या अटीवर दिलेले अनुदान सदस्य देशांना निषिद्ध आहे. अल्पविकसित आणि ठरावीक उत्पन्नमर्यादेखालील देशांना त्यातून सूट आहे. साडेसहा टक्क्यांचे ते पतपत्रावरील कर्ज आज एखाद्या मध्यम उत्पन्नाच्या देशाने दिले, तर त्याच्याविरुद्ध तक्रार दाखल होण्यास वेळ लागणार नाही. त्यात उत्पादनाचे तुकडे होऊन ते अनेक देशांत विखुरले आहेत. कापड एका देशाचे, बटण दुसऱ्याचे, आराखडा तिसऱ्याचा आणि शिलाई चौथ्याची असेल, तर शिलाई करणाऱ्या देशाचा निर्यातीचा आकडा फुगतो, पण गिरणीलाही त्याच दराने कर्ज देऊन तिला सोबत ओढणारी कोरियाची जुनी साखळी तेथे तयार होत नाही. अशा आकड्याची कसोटी म्हणून किंमत कमी होते. एकूण निर्यातीऐवजी देशात निर्माण झालेले मूल्य मोजायला हवे, हे तत्त्वतः सोपे आहे, पण तो आकडा सीमाशुल्काच्या कागदावर दर महिन्याला येत नाही.

खुद्द कोरियात निर्यातीचे राष्ट्रीय उत्पन्नाशी प्रमाण आजही ४० टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे चमत्काराच्या दशकांपेक्षा जास्तच आहे. अर्थव्यवस्थेच्या वाढीचा वेग मात्र दोन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली आला आहे. प्रगत देशांचे तंत्रज्ञान उचलून मिळणारी सोपी वाढ संपली, कामाच्या वयातील लोकसंख्या घटू लागली आणि २०२३ मध्ये जननदर दर स्त्रीमागे ०.७२ मुलांपर्यंत खाली आला. चिप, मोटारी आणि जहाजे भरून बोटी पूर्वीपेक्षा अधिक संख्येने निघत आहेत, आणि त्यांच्या संख्येचा व वाढीच्या वेगाचा जो संबंध १९७० मध्ये दिसत होता तो आता दिसत नाही.